फाइल नवी, भाव जुनाच

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातले केनवड हे सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातले गाव. खरिपाचा माल घरात आला की तो लगेच मोंढ्यात न्यायचा की थांबायचे, याची आकडेमोड सुरू होते आणि तिच्या एका टोकाला हमीभाव असतो. समजा, अशाच एका घरातल्या, कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलीने ही आकडेमोड ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये, त्याच्या लिस्प भाषेत लिहायला घेतली. वजन दिले की रक्कम सांगणारे चार ओळींचे फंक्शन, आणि त्याच्या वर एक व्हेरिएबल: हमीभाव. हिशेब बरोबर येतो का ते पाहायला तिने आधी २०२४-२५ च्या हंगामाचा, क्विंटलला ४,८९२ रुपयांचा भाव घातला आणि वीस क्विंटलची रक्कम मागितली. ९७,८४० रुपये. कागदावरच्या गुणाकाराशी उत्तर जुळले. मग तिने ती ओळ बदलून २०२५-२६ चा ५,३२८ रुपयांचा भाव लिहिला, फाइल सेव्ह केली, पुन्हा लोड केली आणि तोच प्रश्न विचारला.

पुन्हा ९७,८४०.

यायला हवे होते १,०६,५६०. फरक ८,७२० रुपयांचा. पडद्यावर ना चुकीचा संदेश, ना इशारा. फाइलमध्ये ५,३२८ लख्ख दिसतात आणि यंत्र ४,८९२ वर अडून बसलेले. लिस्प शिकणाऱ्यांपैकी फार थोड्यांची या जागेपासून सुटका होते. बहुतेक जण वैतागून ईमॅक्स बंद करतात आणि पुन्हा उघडतात. तेवढ्याने भाव बदलतो, पण कारण कळलेले नसते, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच व्हेरिएबलवर तीच ठेच लागते. कारण समजून घ्यायला अर्धा तास पुरतो, आणि तो द्यावा असाच हा विषय आहे.

यंत्र बिघडलेले नसते. त्या ओळीची सुरुवात डेफव्हार या शब्दाने झालेली असते आणि डेफव्हारने आपले काम चोख केलेले असते. (लिस्पचे शब्द इथे नागरीत छापले आहेत, यंत्रावर ते रोमन अक्षरांत टाइप करायचे. व्हेरिएबलचे नाव मात्र नागरीत ठेवता येते, ईमॅक्सला ‘हमीभाव’ हे नाव बिनदिक्कत चालते. आकडे तेवढे इंग्रजी अंकांत लिहावेत. नागरी अंकांतली संख्या ईमॅक्सला संख्या वाटत नाही. तो तिला नाव समजतो आणि या नावाचे व्हेरिएबलच नाही, अशी तक्रार करतो.)

डेफव्हारचा नियम असा: व्हेरिएबलला अजून किंमत मिळालेली नसेल तरच पुढे लिहिलेली किंमत द्यायची, आधीपासून काही किंमत असेल तर तिला हात लावायचा नाही. एसटीच्या सीटवर रुमाल टाकलेला दिसला की प्रवासी मुकाट्याने पुढे सरकतो, तसा डेफव्हार किंमत असलेल्या व्हेरिएबलपाशी थांबत नाही. पुढे लिहिलेल्या किमतीचा हिशेबसुद्धा तो करत नाही. त्या जागी लांबलचक सूत्र असले, त्यात भागाकाराला शून्य असले, तरी ते सूत्र चालवलेच जात नाही आणि चूकही वर येत नाही.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर ऑल्ट धरून कोलन दाबावे. खाली ईमॅक्सची एक ओळीची जागा उघडते. तिथे डेफव्हार, हमीभाव आणि ५३२८ असे कंसात लिहून एंटर दाबावे. उत्तर म्हणून ‘हमीभाव’ हे नाव झळकते. नवशिक्याला वाटते, झाले काम. पण डेफव्हार उत्तरादाखल नेहमी नावच परत करतो, किंमत बदलली असो वा नसो. लगेच त्याच जागी नुसते हमीभाव लिहून एंटर दाबले की ४८९२ समोर येतात. या दोन उत्तरांमधले अंतर नीट लक्षात राहिले, तर पुढचा सगळा विषय सोपा आहे.

मुळात फाइल पुन्हा लोड करणे म्हणजे प्रोग्रॅम नव्याने सुरू करणे, ही समजूत लिस्पमध्ये चालत नाही. सीमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम बंद होतो तेव्हा त्याची सगळी व्हेरिएबल्स त्याच्याबरोबर जातात. लिस्पमध्ये एक सेशन चालू असते, आणि फाइल लोड करणे म्हणजे त्या चालू सेशनला फाइलमधल्या सूचना वरून खाली एकेक करून पुन्हा ऐकवणे. फंक्शनची व्याख्या नव्याने ऐकवली की जुनी जाऊन नवी बसते. व्हेरिएबलचे काय होणार, हे ते कोणत्या शब्दाने जाहीर केले त्यावर ठरते. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पची आखणी सुरू केली. चालत्या प्रोग्रॅममध्ये हात घालून दुरुस्ती करण्याची सवय या भाषेच्या मुलखात तेव्हापासून मुरत आली आहे.

ही सवय किती दूरवर कामी आली याचा दाखला नासाच्या डीप स्पेस १ या यानात सापडतो. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते निघाले आणि मे १९९९ मध्ये त्यावर रिमोट एजंट नावाचा, लिस्पमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम यान हाकत होता. प्रयोगाच्या मध्येच तो अडकला. यान तेव्हा पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटरवर होते. पण लिस्पचे चालू सेशन यानातच जिवंत असल्यामुळे इंजिनिअरांना इथून प्रश्न पाठवून आतली स्थिती विचारता आली आणि दोष शोधता आला. अशा सेशनमध्ये कोणती किंमत टिकवायची आणि कोणती पुसायची, हे भाषेनेच स्पष्ट सांगता यायला हवे. डेफव्हार त्यासाठीच आहे.

गावातल्या हिशेबाकडे परत यावे. त्याच फाइलमध्ये दुसरे व्हेरिएबल आहे: काटापट्ट्या. सुरुवातीला ती यादी रिकामी. दिवसभर वजने होत जातात तशा नोंदी तिच्यात साठतात. दुपारी एका फंक्शनमध्ये चूक सापडली, ती सुधारली आणि फाइल पुन्हा लोड केली. आता काटापट्ट्यांची यादी रिकामी झाली तर? सकाळपासूनची सगळी नोंद गेली. डेफव्हार तिथे पहारा देतो: यादीला आधीच किंमत आहे, हात लावायचा नाही. हमीभावाच्या ओळीवर जो नियम आडवा आला, तोच इथे दिवसभराचे काम वाचवतो. म्हणजे या गोष्टीला डेफव्हारचा दोष म्हणता येत नाही. टिकवायची किंमत आणि बदलायची किंमत, दोन्ही एकाच शब्दाने जाहीर केल्या, घोटाळा तिथे झाला.

ईमॅक्समध्ये या पहाऱ्याला आणखी एक मोठे कारण आहे. वापरणारा आपल्या सुरुवातीच्या फाइलमध्ये स्वतःच्या आवडीनिवडी लिहून ठेवतो. पॅकेजे मात्र सगळी तेव्हाच लोड होत नाहीत. कित्येक पॅकेजे पहिल्यांदा गरज पडते तेव्हा, कधी दोन-तीन तासांनी, लोड होतात. सकाळी वापरणाऱ्याने एखाद्या व्हेरिएबलला आपली किंमत दिली आणि दुपारी पॅकेज लोड होताना त्याने स्वतःची डिफॉल्ट किंमत वरून थापली, तर सकाळची निवड कोणाच्याही लक्षात न येता पुसली जाईल. डेफव्हार ते होऊ देत नाही. आधी लिहिणाऱ्याचा मान राहतो.

मराठीत टाइप करणाऱ्याला याच्या उलट अनुभवही येतो. ईमॅक्समध्ये देवनागरीचे भाषा-वातावरण आहे आणि त्याच्या माहितीत हिंदीबरोबर मराठीचाही उल्लेख आहे. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की नागरी टायपिंग चालू-बंद होते. कोणत्या पद्धतीचे, ते डिफॉल्ट-इनपुट-मेथड या व्हेरिएबलवर ठरते. आयट्रान्स या टायपिंग पद्धतीची सवय असलेला माणूस सुरुवातीच्या फाइलमध्ये ती पद्धत लिहितो आणि त्याखाली देवनागरी वातावरण लावण्याची सूचना देतो. आता चालू होते भलतीच पद्धत. भाषा-वातावरण लावणारे फंक्शन डेफव्हारसारखे संकोची नाही. ते त्या वातावरणाची ठरलेली पद्धत सरळ वरून लिहिते. उपाय फक्त क्रमाचा: आधी वातावरण, मग आपली पद्धत. (२०२३ मध्ये आलेल्या ईमॅक्स २९ मध्ये मोडी लिपी आणि तिची टायपिंग पद्धतही आली आहे. जुनी दप्तरे वाचणाऱ्यांनी ती एकदा लावून पाहावी.)

आता उपायांकडे. ईमॅक्समध्ये सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे कर्सर त्या डेफव्हारच्या ओळीत नेऊन कंट्रोल, ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबणे. या कमांडचे नाव इव्हॅल-डीफन. ती डेफव्हारला मुद्दाम वेगळी वागणूक देते: आधीची किंमत असली तरी ती बाजूला सारून ओळीत लिहिलेली नवी किंमत बसवते. डेफकस्टम (वापरणाऱ्याने बदलायच्या पर्यायांसाठी) आणि डेफफेस (अक्षरांच्या रूपासाठी) यांनाही तीच वागणूक मिळते. फाइल लिहिणारा जेव्हा जाणूनबुजून त्या एका ओळीवर जाऊन ही कळ दाबतो, तेव्हा त्याला तीच किंमत हवी असणार, एवढे साधे गृहीत त्यामागे आहे.

दुसरी जवळची कळ म्हणजे ओळीच्या शेवटी जाऊन कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई. इथे आवृत्ती पाहावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ईमॅक्स २८ पासून ही कमांडही डेफव्हारची किंमत बदलते. त्याआधीच्या आवृत्त्यांत बदलत नसे. जुन्या लॅपटॉपवर जुने लिनक्स आणि त्याबरोबर आलेला जुना ईमॅक्स असेल, तर दोन मित्रांना एकाच कळीने दोन वेगळी उत्तरे मिळतात ती यामुळे. अख्खी फाइल एकदम चालवणाऱ्या कमांडना, म्हणजे इव्हॅल-बफर आणि लोड-फाइल यांना, ही सवलत नाही. त्या फाइल जशीच्या तशी ऐकवतात आणि डेफव्हार आपला नियम पाळतो.

पाच-सहा व्हेरिएबल्सच्या डिफॉल्ट किमती एकदम बदलायच्या असतील तर प्रत्येक ओळीवर जाऊन कळ दाबणे कंटाळवाणे होते. मग दोन वाटा उरतात. मेकअनबाउंड हे फंक्शन व्हेरिएबलची किंमत काढून टाकते. त्यानंतर फाइल लोड केली की डेफव्हारला जागा रिकामी दिसते आणि तो नवी किंमत बसवतो. दुसरी वाट अनलोड-फीचर: पॅकेजने आणलेले सगळे उचलून बाहेर काढायचे आणि मग ते पुन्हा बोलवायचे. ही दुसरी वाट जपून धरावी. दुसरे पॅकेज त्यावर अवलंबून असेल तर ईमॅक्स नकार देतो, आणि पॅकेजने इकडेतिकडे केलेले सगळेच बदल उलटतात अशी खात्री नसते. चार पॅकेजे एकमेकांत गुंतली असतील तर ईमॅक्स बंद करून उघडणे हेच खरे शहाणपण, आणि तसे करण्यात कमीपणा नाही.

काही वेळा दोष डेफव्हारचा नसतोच आणि तासभर त्याच्याच मागे जातो. ओळीला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली: फाइल खरेच पुन्हा लोड झाली का? रिक्वायर ही सूचना पॅकेज आधीच आलेले असेल तर फाइल उघडतसुद्धा नाही. पायथॉनमधून आलेल्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल, तिथेही दुसऱ्यांदा केलेला इम्पोर्ट फाइल पुन्हा चालवत नाही. दुसरी: लोड झालेली फाइल तीच का? ईमॅक्स लिस्पची फाइल कंपाइल केली की शेजारी दुसरी फाइल तयार होते, आणि लोड करताना ईमॅक्स सहसा ती कंपाइल केलेली फाइल उचलतो. मूळ फाइल नंतर बदलली असली तरीही. ‘मूळ फाइल अधिक नवी आहे, जुनी वापरत आहे’ अशा अर्थाचा संदेश तेव्हा खाली येतो, पण तो क्षणभरच दिसतो. ईमॅक्स २४.४ पासून लोड-प्रिफर-न्यूअर नावाचे व्हेरिएबल आहे. त्याला सुरुवातीच्या फाइलमध्येच टी ही किंमत दिली की दोन्हींतली नवी फाइल घेतली जाते. स्वतः पॅकेज लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ लावून टाकावी.

तपासणीची सर्वांत उपयोगी कळ आहे कंट्रोल-एच आणि मग व्ही. व्हेरिएबलचे नाव विचारले जाते आणि एक पान उघडते: सध्याची किंमत, ती याच बफरपुरती आहे की सगळीकडे, मूळ किंमत वेगळी होती का, आणि व्हेरिएबल कोणत्या फाइलमध्ये जाहीर झाले. या पानावरच्या चार ओळी नीट वाचल्या तर निम्म्या वेळा पुढे काही करावेच लागत नाही. यासाठी नेटही लागत नाही. ईमॅक्स लिस्पचे संपूर्ण संदर्भपुस्तक कंट्रोल-एच आणि आय दाबल्यावर उघडणाऱ्या माहितीसंग्रहात मिळते, आणि गावात रेंज नसली तरी ते लॅपटॉपवर असते. काही लिनक्सांमध्ये हे पुस्तक वेगळ्या पॅकेजमधून बसवावे लागते. शहरात असताना एकदा बसवून घ्यावे.

‘याच बफरपुरती’ या शब्दांपाशी थोडे थांबायला हवे. बफर म्हणजे ईमॅक्समध्ये उघडलेला एखादा मजकूर. एकाच व्हेरिएबलला इथे एक सार्वत्रिक डिफॉल्ट किंमत असते आणि त्याशिवाय एखाद्या बफरची स्वतःची किंमत असू शकते. सोयाबीनचा हिशेब एका बफरमध्ये, तुरीचा दुसऱ्यात, असे मांडले तर हमीभाव हे बफरनिहाय व्हेरिएबल करणे सोयीचे. ईमॅक्स २४.३ पासून त्यासाठी डेफव्हार-लोकल आहे. तुरीच्या बफरमध्ये सेटक्यूने, म्हणजे थेट किंमत देणाऱ्या सूचनेने, ८,००० लिहिले (तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव) की ते त्या बफरपुरतेच राहते. मग सोयाबीनच्या डिफॉल्टची ओळ बदलून कंट्रोल-ऑल्ट-एक्स दाबले, तर बदलते फक्त सार्वत्रिक किंमत. तुरीचे बफर ८,००० वरच राहते. तसेच राहायला हवे.

याची दुसरी बाजू मात्र त्रासाची. सोयाबीनच्या बफरमध्ये उभे राहून सेटक्यूने ५,३२८ लिहिले, तिथे उत्तर बरोबर आले, म्हणून लिहिणारी निर्धास्त झाली. नवे बफर उघडले की तिथे पुन्हा ४,८९२. सेटक्यूने त्या एका बफरची किंमत बदलली होती. सगळ्यांसाठी बदलायची तर सेटक्यू-डिफॉल्ट वापरावा. फिल-कॉलम, म्हणजे ओळ कितव्या अक्षराला मोडावी हे सांगणारे व्हेरिएबल, याच जातीचे आहे, आणि सुरुवातीच्या फाइलमध्ये ते सेटक्यूने लिहून ‘काहीच होत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

किमतीतून किंमत काढली असेल तर तेही पाहावे. वीस क्विंटलची रक्कम या नावाचे व्हेरिएबल हमीभाव गुणिले वीस अशा सूत्राने जाहीर केले, तर तो गुणाकार एकदाच होतो. नंतर हमीभाव बदलला तरी रक्कम जुनीच. दुसऱ्या किमतीवर जी गोष्ट अवलंबून आहे, तिच्यासाठी व्हेरिएबल न ठेवता फंक्शन लिहावे. ते प्रत्येक हाकेला ताजा गुणाकार करते. कॉमन लिस्प या लिस्पच्या दुसऱ्या बोलीत फंक्शनच्या पर्यायी आर्ग्युमेंटची डिफॉल्ट किंमतही दर हाकेला नव्याने काढली जाते. ईमॅक्समध्ये ती सोय सीएल-डीफनने मिळते. पायथॉनमध्ये ती फंक्शनची व्याख्या होताना एकदाच ठरते, त्यामुळे तिकडची सवय घेऊन आलेल्याने इथे निश्चिंतपणे व्हेरिएबलचे नाव डिफॉल्ट म्हणून लिहावे.

कळींच्या नकाशाचा, म्हणजे कीमॅपचा, किस्सा याच घराण्यातला, पण एक पायरी पुढचा. स्वतःचा मोड, म्हणजे एखाद्या कामासाठी बफरची वागणूक ठरवणारा कोड, लिहिणारा कीमॅप डेफव्हारने जाहीर करतो. नवी कळ घालून फाइल लोड केली की काही होत नाही, ते का, हे आता उघड आहे. पण कंट्रोल-ऑल्ट-एक्स दाबूनही नवी कळ चालत नाही तेव्हा माणूस गोंधळतो. कारण त्या कमांडने नवा नकाशा तयार करून व्हेरिएबलला दिला, पण आधीच चालू असलेले बफर जुनाच नकाशा धरून बसलेले आहे. मुख्य मोड असेल तर त्या बफरमध्ये मोड पुन्हा चालू करावा. मायनर मोड असेल तर त्याची व्याख्या, डिफाइन-मायनर-मोडची ओळ, तीही पुन्हा चालवावी; तिच्यामुळे ईमॅक्सच्या यादीत नवा नकाशा लागतो.

ईमॅक्सच्या बाहेर, कॉमन लिस्पमध्ये, हा प्रश्न भाषेनेच दोन शब्दांत सोडवला आहे. १९९४ च्या एएनएसआय प्रमाणात डेफव्हार आणि डेफपॅरामीटर दोन्ही आहेत. डेफव्हार इथेही किंमत नसेल तरच देतो. डेफपॅरामीटर प्रत्येक वेळी देतो, आधीचे काही न पाहता. म्हणून काटापट्ट्यांची यादी डेफव्हारने आणि हमीभाव डेफपॅरामीटरने लिहावा. फाइल कितीही वेळा लोड केली तरी नोंदी टिकतात आणि भाव फाइलमधलाच राहतो. अशा व्हेरिएबलच्या नावाला दोन्ही बाजूंनी तारांकन लावायची रीत आहे, ती पाळावी. नाव वाचताच कळते की ही किंमत सगळीकडून बदलता येणारी आहे. ईमॅक्समधून कॉमन लिस्प लिहायला स्लाइम वापरणाऱ्यांना कंट्रोल-ऑल्ट-एक्सची डेफव्हारसाठीची सवलत तिथेही मिळते.

हमीभाव म्हणजे सरकारने ठरवलेला आकडा, म्हणून तो डेफकॉन्स्टंटने लिहावा, असा मोह होतो. तो टाळावा. प्रमाणानुसार कॉन्स्टंट वेगळ्या किमतीने पुन्हा जाहीर केला तर काय होईल याची हमी नाही. एसबीसीएल हा कॉमन लिस्पचा कंपायलर तिथे थांबतो आणि जुनी किंमत ठेवू की नवी घेऊ, असे विचारतो. नवी घेतली तरी आधी कंपाइल झालेल्या फंक्शनांमध्ये जुना आकडा भिनलेला असू शकतो. दरवर्षी बदलणारी गोष्ट कॉन्स्टंट नसते. ईमॅक्समधला डेफकॉन्स्ट मात्र वेगळा आहे: तो लोड करताना दर वेळी किंमत देतो आणि नंतर ती बदलायलाही खरी आडकाठी करत नाही. तो वाचणाऱ्याला दिलेला इशारा आहे, एवढेच समजावे.

क्लोजर या लिस्पच्या नव्या शाखेत नियम उलटा फिरवलेला दिसतो. रिच हिकी यांनी २००७ मध्ये ती जगापुढे आणली आणि महाराष्ट्रात तिचे नाव झाले ते पुण्यामुळे. मोबाइल ॲपमधून ग्राहकांशी बोलण्याची सोय देणाऱ्या पुण्याच्या हेल्पशिफ्टने आपले काम क्लोजरमध्ये उभारले. क्लोजरमध्ये साधा डेफ दर वेळी नवी किंमत देतो. टिकवायचे असेल तेव्हा डेफवन्स लिहायचा. चालू सर्व्हर, डेटाबेसचे कनेक्शन, दिवसभर भरत जाणारा ॲटम (बदलती किंमत धरणारी पेटी) यांच्यासाठी तो असतो. एक खबरदारी घ्यावी: टूल्स-नेमस्पेसच्या रीफ्रेशने कोड ताजा केला तर ते साधन नेमस्पेसच काढून नव्याने उभारते, आणि मग डेफवन्सने जपलेली किंमतही जाते. स्कीम या लिस्पच्या आणखी एका शाखेच्या गाइल या अवतारातही डिफाइन आणि डिफाइन-वन्स अशी जोडी आहे.

इतक्या भाषांत फिरून आल्यावर लिहिणाऱ्याने व्हेरिएबल जाहीर करताना स्वतःला विचारायचा प्रश्न एकच उरतो: ही किंमत कोणाची? प्रोग्रॅम चालताना साठलेली असेल तर ती जपणारा शब्द वापरावा. फाइल लिहिणाऱ्याने ठरवलेली असेल आणि फाइल हाच तिचा पुरावा असेल, तर वरून लिहिणारा शब्द वापरावा. ईमॅक्समध्ये डेफपॅरामीटर नाही, तिथे डेफव्हारखाली सेटक्यूची ओळ जोडता येते. ही जोड स्वतःच्या फाइलपुरती ठीक. दुसऱ्यांना द्यायच्या पॅकेजमध्ये ती घालू नये, कारण मग वापरणाऱ्याने आधी लिहिलेली आवड पॅकेज लोड होताना पुसली जाईल. आणि किंमत वापरणाऱ्याची असेल तर ईमॅक्समध्ये तिच्यासाठी डेफकस्टम आहे.

डेफकस्टमचे वागणे थोडे खोल आहे. फाइल पुन्हा लोड केली की नवी डिफॉल्ट किंमत ईमॅक्सच्या दप्तरी ‘मूळ किंमत’ म्हणून नोंदली जाते, पण सध्याची किंमत आहे तीच राहते. कंट्रोल-एच, व्हीच्या पानावर मग दोन वेगळे आकडे दिसतात आणि माणूस चक्रावतो. त्यात वापरणाऱ्याने कस्टमाइझ या ईमॅक्सच्या सेटिंगच्या पानावरून आपली किंमत सेव्ह केलेली असेल, तर ईमॅक्स बंद करून उघडले तरी सेव्ह केलेलीच किंमत येणार. पॅकेजच्या लेखकाने बदललेली डिफॉल्ट त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ती हवी असेल तर कस्टमाइझच्याच पानावर आपली जुनी निवड पुसण्याचा पर्याय आहे, तो वापरावा.

पॅकेज लिहिणाऱ्यावर इथे एक जबाबदारी येते. डिफॉल्ट बदलल्याचा परिणाम कोणावर होणार आणि कोणावर नाही, हे त्याच्या हातात नसते. नव्याने आलेल्याला नवी किंमत मिळते, निवड सेव्ह केलेल्याला जुनी, आणि ईमॅक्स कित्येक दिवस बंदच न करणाऱ्याला पुढच्या वेळी उघडेपर्यंत जुनी. म्हणून स्वतःच्या चालू सेशनमध्ये तपासून समाधान मानू नये. कमांड लाइनवरून ईमॅक्सला मोठा क्यू हा पर्याय द्यावा. त्याने वापरणाऱ्याची सुरुवातीची फाइल बाजूला राहते आणि कोरे सेशन मिळते. तिथे पॅकेज लोड करून पाहावे, आणि मग एकदा सेव्ह केलेल्या निवडीसह पाहावे.

डिफॉल्ट बदलताना डेफकस्टममध्ये व्हर्जन हा कीवर्ड घालायला विसरू नये; स्वतंत्र पॅकेज असेल तर पॅकेज-व्हर्जन. कोणत्या आवृत्तीत ही किंमत पहिल्यांदा आली किंवा बदलली, ते त्यात लिहायचे असते. वापरणाऱ्याने कस्टमाइझ-चेंज्ड ही कमांड चालवली की मागच्या आवृत्तीनंतर डिफॉल्ट बदललेल्या पर्यायांची यादी ईमॅक्स याच नोंदीवरून बनवतो. नोंद नसेल तर तो पर्याय यादीत येत नाही आणि बदल कोणाच्या लक्षातही येत नाही. ईमॅक्सच्या स्वतःच्या लिस्प फाइलींमध्ये हा कीवर्ड जागोजागी आहे. कंट्रोल-एच, व्हीच्या पानावरून कोणत्याही पर्यायाच्या मूळ ओळीवर उडी मारली की तो कुठे आणि कसा लिहायचा ते समोरच दिसते.